उंबरठ्यावरचं पॉलिश

ज्या वर्षी दौलत वाढईच्या एकुलत्या मुलीचं, मयूरीचं, लग्न झालं आणि ऐन मंगलाष्टकात वीज जाऊन तीनशे पाहुणे घामानं निथळत उभे राहिले, ते साल २०३८. चंद्रपुरात दुपारबंदीचा नियम त्याच उन्हाळ्यात आला. सकाळी अकराला भोंगा व्हायचा आणि संध्याकाळी पाचच्या भोंग्यापर्यंत रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. लग्न पहाटे उरकू, असं दौलत सांगत होता. पण नवऱ्याकडच्यांना फोटोसाठी ऊन हवं होतं. मे महिन्यात चंद्रपुरात ऊन मागणारी माणसं! दौलतनं त्या घराविषयी जे मत केलं ते पुढं बदलायची त्याला गरज पडली नाही.

जावई तुषार एका कंपनीत होता. काय करतोस विचारलं तर 'प्रॉडक्टमध्ये आहे' म्हणायचा.

"प्रॉडक्टमधी आहे म्हणते," दौलत बायकोला म्हणाला. "बाहेर कवा येते कोणाले माहीत."

"तुमाले कोणी पसंत पडलं आहे का आजवर?" चंद्रकला म्हणाली. "मले पाहाले आले तवाबी तुमी आमच्या दाराची चौकटच पाहत होते."

ते खरं होतं. दौलत चार पिढ्यांचा सुतार. त्याचं घर त्याच्या बापानं बांधलेलं, दोन खोल्या, पुढं टिनाचं छप्पर आणि एक कडुनिंब. त्या घरात नाव घ्यावं अशी वस्तू एकच, दाराचा सागवानी उंबरठा. बापानं एका ओंडक्यातून काढलेला, वर वेल कोरलेली. माणसाची पारख दौलत लाकडावरून करायचा, आणि गेल्या वीस वर्षांत लाकूड संपल्यामुळं माणसंही संपली असं त्याचं म्हणणं. आता लोक भुसा दाबून केलेल्या पाट्यांचे पलंग आणि टेबलं घेत. वर सागाचा छापील कागद चिकटवलेला. पाणी लागलं की ते पोह्यासारखं फुगायचं. अशा सामानाला ही मंडळी फर्निचर म्हणत आणि त्यावर हात फिरवून दाखवत.

आणि त्याच काळात त्यांना कुत्री पाळायचा झटका आला. दुपारबंदीत सहा सहा तास घरात कोंडून घेतल्यावर नवराबायकोला एकमेकांशी काय बोलावं सुचेना, तेव्हा एक पिल्लू आणायचं. पिल्लू यायचं, तिसऱ्या महिन्यात त्याला दात शिवशिवायचे आणि ते टेबलाचा पाय खायला बसायचं. मग दौलत मिस्त्रीला फोन.

सातव्या मजल्यावरच्या निकिता मॅडमच्या घरी तो पहिल्यांदा गेला तेव्हा टेबलाच्या चारही पायांना मोजे घातलेले होते. सोफ्याला प्लास्टिक. पलंगाच्या कडेला मिरचीची पूड चोळलेली, आणि पिल्लाच्या गळ्यात नरसाळं. पिल्लू शिंकत होतं, मॅडमही शिंकत होत्या.

"मिस्त्री, याला काहीतरी उपाय सांगा. इटालियन डिझाइन आहे हो."

दौलतनं मोजा काढून पाय पाहिला. कागद सोलला होता, आतून भुसा सांडत होता.

"एक बाभळीचं लाकूड द्या त्याले चघळाले. दोन महिन्यांत दात येतीन, मंग थांबते."

"बाभळीचं? घरात? ते किती घाण दिसेल."

दौलतनं मोजा परत चढवला. बोलण्याच्या लायकीचं त्याला तिथं काही दिसलं नाही.

पुढच्या वर्षी तुषार एक डबा घेऊन आला. त्याच्या कंपनीचं लाकडाचं पॉलिश. डबा पांढरा, त्यावर झोपलेल्या पिल्लाचं चित्र आणि नाव 'शिस्त'.

"मामाजी, हे पंपानं मारता येत नाही. गरम झालं की बिघडते. जुन्या पद्धतीनं कापडाच्या बोळ्यानंच द्यावं लागते, आणि बोळा धरणारे हात आता उरले किती?"

स्तुती कळत असूनही माणूस तिला भुलतो. दौलत कंपनीच्या शिकवणीला नागपूरला गेला. एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्याच्यासारखेच वीसेक म्हातारे बसवले होते, कोणाच्या बोटांना अजून लाखेचा रंग. समोर डॉक्टर विशाखा टेंभुर्णे उभ्या होत्या. जनावरांच्या डॉक्टर, आणि हा शोध त्यांचा. बाई साधं बोलत होत्या.

"कडू लावा, तिखट लावा, पिल्लू दोन दिवसांत सरावतं. हिरडीची खाज त्याहून मोठी असते. पण एक गोष्ट ते जन्मभर विसरत नाही. दात फुटलेलं पिल्लू दूध प्यायला येतं तेव्हा आईला ते दात टोचतात. ती गुरगुरते, आणि त्याच वेळी तिच्या सडांजवळच्या कातडीतून एक वास सुटतो. आपल्याला तो येत नाही. पिल्लाला त्याचा अर्थ एकच कळतो, की इथं आता तुझं काही नाही. पुढं ते कधी त्या सडाला तोंड लावत नाही."

तो वास त्यांनी ओळखला होता. त्यातला नेमका रेणू शोधून, दारू आंबवतात तसल्या यीस्टकडून प्रयोगशाळेत बनवून घेतला होता आणि चपडी लाखेत बांधून टाकला होता. लाख कोरडी असेतो वास गप्प. ओल लागली की थोडासा सुटायचा. थोडासाच पुरे होता. दात येण्याच्या वयात पिल्लानं तो एकदा घेतला की त्या वस्तूकडं ते पुन्हा बघायचं नाही, मोठं झालं तरी. लाखेतला साठा बारा वर्षं टिकणार होता.

दौलत ऐकत होता, पण अर्धाच. डॉक्टरीणबाई ज्या टेबलामागं उभ्या होत्या त्याचा सांधा उघडा पडला होता आणि कोणीतरी त्यात पुठ्ठा कोंबला होता. ते पाहून त्याचं डोकं तिकडंच गेलं. ओल म्हणजे कुत्र्याची थुंकी, एवढंच त्यानं लक्षात ठेवलं. शेवटी त्यानं हात वर केला.

"आणि लावलेलं काढाचं असन तर?"

"रंधा मारून बोटभर खाली जायचं. तेवढं जाड लाकूड नसेल तर ते लाकूडच काढून टाकायचं. वास गेला की मनाई गेली."

"काढा म्हणणारं गिऱ्हाईक म्या तरी पाह्यलं नाही," दौलत शेजारच्याला म्हणाला, आणि दोघं हसले.

गिऱ्हाईक तसलं निघालंही नाही. 'शिस्त' लावून घ्यायला लोकांनी रांगा लावल्या. दौलत भुशाच्या पाट्यांवर, त्याच्या बापानं देव्हाऱ्याला दिला नसता अशा निगुतीनं, पाच पाच हात देऊ लागला. प्रत्येक हात देताना तो मनात त्या घराला शिवी हासडायचा. हात मात्र थांबत नव्हते.

वर्षभरानं तो पुन्हा निकिता मॅडमकडं गेला. सामान शाबूत होतं. पिल्लू, आता मोठं झालेलं, खोलीच्या बरोबर मध्यावरच्या फरशीवर चारी पाय जवळ घेऊन बसलं होतं. पूर आलेल्या नदीतल्या खडकावर बसावं तसं.

"किती शहाणा झालाय बघा," मॅडम सोफ्यावरून म्हणाल्या. "फक्त जवळ येत नाही. ये रे, ये. बघा, नाही येत."

"तुमी खाली बसा मॅडम. सोफ्यापाशी त्याची आई त्याले हाकलते. खाली बसले तर येईन."

"खाली? माझे गुडघे दुखतात."

महिनाभरात त्यांनी कुत्रं देऊन टाकलं. सोफा ठेवला. शहरभर हेच झालं. फरशीच्या मध्यावर बसणाऱ्या कुत्र्यांचा लोकांना कंटाळा आला आणि लाकूडडेपोच्या भिंतीशी गळ्यात भारी पट्टे असलेली कुत्री दिसू लागली. कोणाच्या ओट्यावर चढायचं नाही, कोणाच्या खाटेखाली शिरायचं नाही, एवढीच विद्या त्यांना दिलेली. मॅडमनी मग नवीन पिल्लू घेतलं.

दौलतच्या घरात पिल्लू आलं ते असलं नव्हतं. २०४० च्या पावसाळ्यात डेपोच्या ओंडक्यांखाली एक गावठी कुत्री व्याली होती. त्यातलं एक भुरकट पिल्लू चंद्रकलेनं पदरात घालून आणलं. मयूरी गेल्यापासून ती कुलरशी बोलायची. बंद झालास का रे, पाणी संपलं का तुझं, असं. आता ती भुरीशी बोलू लागली. भुरी रात्री तिच्या खाटेखाली झोपायची आणि सकाळी तिचा पदर दातात धरून तिला उठवायची.

"आता हिचंबी बारसं कर," दौलत म्हणाला.

"केलं. तुमाले बोलावलं नाही."

ऑक्टोबरात भुरीला दात येऊ लागले. तिनं दौलतची चप्पल खाल्ली, पाटाचा कोपरा खाल्ला, आणि एक दिवस पटाशीची मूठ. दौलतनं ती मूठ उजेडात धरून पाहिली. दात रेघेच्या बाजूनं गेले होते, गाठ सोडून. लाकूड कुठं नरम आहे हे या कुत्रीला त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांपेक्षा चांगलं कळत होतं. तो तसं बोलला मात्र नाही. "हाकल तिले," एवढंच म्हणाला.

वाढईंच्या घरात एक रीत होती. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, आणि आदल्या दिवशी वर्षभराच्या कामातून उरलेलं पॉलिश एकत्र करून स्वतःच्या उंबरठ्याला एक हात द्यायचा. लोकांची घरं चकचकीत करणाऱ्याचं दार कोरडं राहू नये म्हणून. आज्यानं केलं, बापानं केलं. त्या वर्षी दौलतकडं उरलेलं सगळं पॉलिश 'शिस्त'च होतं, कारण दुसरं काम त्यानं केलंच नव्हतं. डबा हातात घेऊन तो क्षणभर थांबला. मग त्याला वाटलं, कुत्रीनं उंबरठ्याला दात लावले तरच ते जागं होणार. आणि लावलेच दात, तर बरंच आहे. बापाचा उंबरठा तरी वाचेल. त्यानं बोळा भिजवला.

खंडेनवमीच्या सकाळी भुरीनं चंद्रकलेच्या माहेरच्या चौरंगाची कड कुरतडली. पूजा मांडायची घाई, त्यात हे. चंद्रकलेनं तिला केरसुणीच्या फड्यानं दोन सपके दिले आणि अंगणात घातलं. मग तिनं रोजच्यासारखा उंबरठा धुतला, हळदकुंकू वाहिलं, रांगोळी काढली. पाणी लाकडात मुरलं. लाखेनं दात आणि पाणी असा भेद केला नाही.

तासाभरानं भुरी शेपटी हलवत परत आली. उंबरठ्याशी नाक नेलं आणि चटका बसल्यासारखी मागं सरली. पुन्हा पुढं आली, ओला लाकडाचा काठ चाटला, एकदा बारीक केकाटली आणि कडुनिंबाखाली जाऊन दाराकडं पाठ करून बसली.

"रुसली," चंद्रकला हसून म्हणाली. "ये बाई, नाही मारत आता."

भुरी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चंद्रकला बाहेर गेली की भुरी तिच्या मांडीवर डोकं ठेवायची, पदर ओढायची. दार आलं की थांबायची. दौलतनं हाताशी भाकर धरली तर तीही घेईना. त्याच्या बोटांत तीच लाख मुरली होती.

दौलतला पहिल्याच दिवशी सगळं समजलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण साऱ्या शहराला अडाणी म्हणणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात ते वाक्य तोंडातून काढवेना.

"कुत्र्याची जात," तो म्हणाला. "बाहेरच बरी."

"माह्या हातचा मार लागला तिच्या जीवाले," चंद्रकला म्हणाली. "सणाच्या दिवशी मुक्या जनावराले मारलं म्या." त्यानंतर तिनं फडा कधी भुरीच्या समोर हातात धरला नाही.

दिवाळीला मयूरी आली. भुरी दारात थबकलेली पाहून तिनं उंबरठ्यावर बोट फिरवलं आणि आई चुलीशी गेल्यावर बापाला विचारलं.

"बाबा, याले काय लावलं तुमी?"

"साधी चपडी."

"तुषार म्हणते की 'शिस्त' पाण्यानंबी सुटते. ओल्या फडक्यानं पुसू नका असं डब्यावर लिहिलं आहे. आई तर रोज धुते हे."

"तुह्या नवऱ्याले लाकडातलं काय समजते? साधी चपडी आहे म्हटलं ना."

मयूरीनं पुन्हा उंबरठ्यावर बोट फिरवलं. "मंग रंधा मारून पाहा एकदा. साधी असली तर काय बिघडलं?"

"बापाचा उंबरठा आहे तो. त्याच्यावर रंधा चालवू? कुत्रीसाठी?"

ती गेली. चंद्रकलेनं हिवाळाभर खाट छपराखालीच ठेवली. एकदा दौलतनं रंधा काढला, पातं घासलं, उंबरठ्यापाशी बसलाही. पण लाख रेघेत खोल उतरली होती. बोटभर खाली गेलं तर बापानं कोरलेली वेल जाणार, आणि अख्खा उंबरठा काढायचा तर चंद्रकला कारण विचारणार. त्यानं रंधा परत गुंडाळला. होळीनंतर करू म्हणाला. मग अक्षयतृतीया झाल्यावर. मग नवतपा सरल्यावर.

नवतप्याचे नऊ दिवस म्हणजे चंद्रपुरात वर्षातलं सगळ्यात वाईट ऊन. २०४१ मध्ये पारा एकोणपन्नासच्या वर गेला. घरात कुलरपुढं निभत होतं. बाहेर टिनाखाली भुरी जीभ काढून पडलेली असायची आणि चंद्रकला तिच्यावर पाणी मारायची.

"कुलर बाहेर आनता का जरासा?"

"कुलर काय गावाले हवा द्याले आहे? तू आत ये."

"ती आत आल्याबिगर म्या येत नाही. घर तिनं नाही सोडलं, म्या हाकललं तिले."

पाचव्या दिवशी सकाळी निकिता मॅडमचा निरोप आला. नवीन कपाट आलं होतं. दौलत नऊला गेला, काम लांबलं, अकराचा भोंगा झाला आणि इमारतीचं फाटक नियमाप्रमाणं बंद झालं. आत थंड हवा होती. फरशीच्या मध्यावर नवं पिल्लू बसलं होतं. दौलत कपाटाला तिसरा हात देत होता तेव्हा, एकच्या सुमाराला, चंद्रकलेचा फोन आला.

"भुरीचा श्वास लय चालून राहिला. पोतं ओलं करून टाकलं तिच्यावर."

"तू कुठं आहे?"

"तिच्यापाशी. कुठं राहीन?"

"आत जा. कुत्रं असं मरत नाही."

"दारापर्यंत आनलं म्या तिले उचलून. अंग टाकून देते. इतकं दुखवलं म्या तिले," ती म्हणाली. तिचा आवाज जड येत होता. "तुमीच सांगा, म्या एकटी गारव्याले कशी जाऊ?"

दौलतनं तोंड उघडलं. उंबरठ्याले म्या लावलं, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर सोफ्यावर मॅडम बसल्या होत्या, फोन ठेवून त्याच्याकडं पाहत, कान देऊन. या बाईसमोर आपली चूक उघडी करायची? ज्या बाईला तो दोन वर्षं मनात हसत होता?

"बरं," तो म्हणाला. "पाणी पी." आणि बोळा पुन्हा भिजवला.

पाचच्या भोंग्याला फाटक उघडलं. तो घरी पोचला तेव्हा छपराखाली शेजारचा रज्जाक आणि दोन बाया उभ्या होत्या. भुरीच्या अंगावरचं पोतं वाळून पापडासारखं झालं होतं, पण ती जिवंत होती. पाण्याची बादली तिच्या तोंडाशी होती, रिकामी. चंद्रकला खाटेला टेकून बसल्या बसल्या गेली होती. तिचा पदर तिच्या डोक्यावर नव्हता. तो भिजवून तिनं भुरीच्या डोळ्यांवर टाकला होता.

त्यांनी तिला आत आणलं आणि कुलरपुढं जमिनीवर ठेवलं. भुरी पाय ओढत मागं आली आणि उंबरठ्याशी थांबली. मान खाली घालून उभी राहिली, नेहमीच्या ठिकाणी, नेहमीइतक्याच अंतरावर.

दौलतनं कोपऱ्यातली सब्बल, लोखंडी पहार, उचलली.

"मिस्त्री, मयत घरात असताना उंबरठा काढत नाहीत," रज्जाक हळूच म्हणाला.

"सर बाजूले."

त्यानं सब्बल चौकटीखाली घातली. बापानं पक्कं बसवलं होतं. तिसऱ्या हिसक्याला साग कडकडला आणि वेलीसकट मधोमध चिरला. दौलतनं दोन्ही तुकडे अंगणापार नेऊन टाकले, आपले हात मातीत घासले, मग राखेनं घासले, आणि खड्ड्यापासून लांब जाऊन उभा राहिला. भुरीनं उघड्या मातीचा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग खड्डा ओलांडून आत गेली आणि चंद्रकलेच्या पायांशी पडली.

"तुह्यावर रुसली नव्हती ते," दौलत दारातून म्हणाला. मयूरी तोवर पोचली होती. तिनं ते ऐकलं, आणि त्याच्याकडं पाहिलं नाही.

सरकारी कागदावर उष्माघात लिहिलं आहे. कंपनीनं तुषारमार्फत कळवलं की वापर सूचनेबाहेर झाल्यानं त्यांच्याकडं काही दोष येत नाही. ते खरं होतं. निकिता मॅडमचं कपाट अजून शाबूत आहे.

दौलतच्या घराला आता उंबरठा नाही. भुरी आणखी नऊ वर्षं जगली आणि २०५० च्या पौषात घरात, खाटेखाली मेली. चंद्रकला दौलत वाढई, वय बासष्ट, बुधवार, २९ मे २०४१ रोजी दुपारी घराच्या दाराबाहेर वारली.